वैनगंगेची गरी आणि कॅनडाची सॅमन: सोबत काय न्यावं, तिथे काय घ्यावं?

धानाचा_बांध
नमस्कार मंडळी. मी पवनीजवळच्या खेड्यातला, जिल्हा भंडारा. लेक-जावई कॅनडात अ‍ॅबट्सफर्डला असतात. 2026 च्या सप्टेंबरअखेरीस आम्ही दोघं तिकडे जातोय, ऑक्टोबर पूर्ण तिथेच. (हलका धान कापायला येईल तेव्हा मी नाही, त्यावरून भाऊ आतापासूनच तोंड फुगवून बसला आहे.) जावई म्हणतात, "बाबा, तुम्हाला नदीवर सॅमन धरायला नेतो." आता जावयांनी जन्मात गळाला गांडूळ लावलेलं नाही, त्यामुळे हा विषय त्यांच्यावर सोडणं बरं नाही.

मी लहानपणापासून वैनगंगेवर गरी टाकतो. बांबूची काठी, तंगूस, शिशाची गोळी, मोरपिसाच्या दांडीचा बोया. आमिष म्हणजे गांडूळ, नाहीतर कणकेत ढेप (म्हणजे पेंड) मळून केलेली गोळी. रोहू, मरळ, कधी शिंगाळा. नागपूरहून आणलेली सात फुटी रीलची काठीही आहे, ती तळ्यावर वापरतो. ही काठी सोबत नेऊ का? तिथे कोणतं आमिष चालतं? आणि पाहुण्या माणसाला परवानगी मिळते का, की पोलिसांच्या हाती लागायचं? माहितगारांनी सविस्तर लिहावं.

पुलगावचा_डोह
काका, सात फुटी काठीनं सॅमन? मी इंटरनेटवर पायलं, त्या मासोळ्या म्हणजे वासरं हायेत. काठी जाईन अन् तुमी बी जासान तिच्यामागं 😄 पन धागा मस्त काढला. मी बसलो इथंच.

फ्रेझरकाठ
काका, मी मूळचा आर्वीचा, आता बरीच वर्षं तुमच्या लेकीच्या गावाशेजारीच राहतो. तेव्हा हे माझ्या अंगणातलं आहे, जरा लांब लिहितो.

काठी-रीलचं मागून बघू. आधी नदी, महिना आणि मासा ठरवा, कारण काठी त्यावरून ठरते. पॅसिफिकच्या बाजूला सॅमनच्या पाच जाती नदीत चढतात: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. पिंक सॅमनचा जन्म ते मरण हा फेरा बरोबर दोन वर्षांचा असतो, आणि फ्रेझर नदीत तिची झुंड विषम सालातच येते. 2023 ला आली, 2025 ला आली. तुम्ही 2026 ला येताय, म्हणजे ती विसरा. सॉकायला फ्रेझरवर कधी परवानगी असते, कधी नसते. सरकार त्या हंगामातली आवक बघून ठरवतं, तिच्या भरवशावर तिकीट काढू नये. उरल्या चिनूक, कोहो आणि चम. तुमच्या ऑक्टोबरात या तिन्ही मिळतात, आणि त्यासाठी चिलिवॅक-वेडर ही नदी तुम्हाला अगदी जवळ आहे. नदी एकच. वेडर क्रॉसिंगच्या पुलाच्या वर तिला चिलिवॅक म्हणतात, खाली वेडर. पुढे ती कालव्यातून फ्रेझरला मिळते.

परवानगीचं सोपं आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं गोड्या पाण्याचं लायसन्स ऑनलाइन निघतं. परदेशी पाहुण्यांचा वर्ग वेगळा, पैसे जास्त. एक दिवसाचं, आठ दिवसांचं किंवा वर्षाचं घेता येतं, आणि वर्ष 31 मार्चला संपतं. सॅमन घरी न्यायची असेल तर त्यावर सॅमनचा वेगळा अधिभार भरावा लागतो. तो न भरता मासा पिशवीत टाकला तर दंड. एक खोच लक्षात ठेवा: फ्रेझरवर मिशन गावचा रेल्वे पूल आहे, त्याच्या खालचं पाणी भरती-ओहोटीचं मानतात आणि तिथे केंद्र सरकारचं लायसन्स लागतं. डोळ्यांना दोन्हीकडे नदीच दिसते.

आणि निघायच्या आदल्या रात्री मत्स्य खात्याची सूचना वाचल्याशिवाय घर सोडू नका. हंगामाच्या मध्येच एखादा पट्टा बंद होतो, एखादी जात ठेवायला बंदी येते. ही सवय जावयांना लावा, तेवढं काम त्यांना जमेल.

शंकेखोर_वरुड
विमानाचं तिकीट, लायसन्स, अधिभार, वर काठी. एवढ्यात वरुडला संत्र्याच्या बागेला ठिबक बसतं. बाजारातून सॅमन विकत घ्या न काका, फोटो काढा, गावात सांगा धरली म्हणून.

धानाचा_बांध
शंकेखोर, विकतच खायची असती तर पवनीच्या बाजारातही मासोळी मिळते, मग मी पहाटे नदीवर कशाला जातो?

फ्रेझरकाठ, फार उपयोगाचं लिहिलंत. आता काठीचं आणि आमिषाचं सांगा. गांडूळ खाते का सॅमन?

फ्रेझरकाठ
काका, इथेच सगळी मजा आहे. समुद्रातून नदीत चढू लागली की सॅमन खाणं सोडते. पोट आकसतं, अंगातल्या चरबीवर ती वर चढते, अंडी घालते आणि मरते. म्हणजे आपण रोहूला जसं ढेपेच्या वासानं बोलावतो, तसं तिला भुकेनं बोलावता येत नाही. तरी ती तोंड घालते, चिडून म्हणा किंवा समुद्रातल्या जुन्या सवयीनं म्हणा. त्यामुळे आमिष तिच्या नाकासमोरून, तिच्या उंचीवर, पाण्याच्या वेगानं जावं लागतं. दोन हात बाजूनं गेलं तर ती हलत नाही.

म्हणूनच तुमच्यासाठी मी फ्लोटची पद्धत सांगतो. तुमचा मोरपिसाचा बोया तोच, फक्त इथे तो वाहत्या पाण्यात सोडायचा. स्पून आणि स्पिनर ही धातूची चमकणारी नकली आमिषं फेकणारे आहेत, पिसांची नकली माशी बांधून फेकणारेही आहेत, पण ज्याची नजर बोयावर बसलेली आहे त्याचा हात फ्लोटवर लवकर बसतो.

तुमची सात फुटी काठी घरीच ठेवा. वजनाला पुरेल, पण लांबीला कमी पडेल. इथे साडेनऊ-दहा फुटी, कधी साडेदहा फुटी काठी वापरतात. फ्लोट आणि काठीचं टोक यांच्यामधली दोरी पाण्यावर पडली की प्रवाह तिला ओढतो आणि फ्लोट वाकडा पळतो. लांब काठीनं ती दोरी पाण्याबाहेर उचलून धरता येते. रील साधी स्पिनिंग, 3000 ते 4000 आकाराची. इथले जुने लोक सेंटरपिन नावाची चाकासारखी रील वापरतात, दिसायला सुंदर, पण थोड्या दिवसांच्या मुक्कामात तिच्या नादी लागू नका. मुख्य दोरी 15 ते 20 पौंडांचा ताण सोसणारा तंगूस. त्यावर 15 ते 25 ग्रॅमचा फ्लोट, खाली तेवढ्याच वजनाचं शिसं, त्याखाली दीड-दोन फुटांचा बारीक तंगूस 10-12 पौंडांचा, आणि एकच गळ. खालचा तंगूस मुद्दाम कमी ताकदीचा ठेवतात, गळ दगडात अडकला तर तेवढाच तुटतो, फ्लोट वाचतो.

गळाचं विशेष लक्षात ठेवा. या प्रांताच्या नद्यांवर एकच टोक असलेला आणि काटा नसलेला गळ कायद्यानं सक्तीचा आहे. गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो ना, तो पकडीनं दाबून सपाट करायचा. वॉर्डन आला तर कापसाच्या बोळ्यावरून गळ ओढून बघतो, तंतू अडकला की पावती. आपल्याकडचे तीन तोंडी गळ सोबत आणूच नका.

हे सगळं चिलिवॅक गावातल्या दुकानांत मिळतं. काठी भाड्यानं किंवा जावयांच्या कुणा मित्राकडून. इथे प्रत्येक गॅरेजात दोन काठ्या धूळ खात असतात.

पुलगावचा_डोह
काटा दाबला तं मासोळी सुटनार नाई का हो? मंग धरन्यात काय राह्यलं?

फ्रेझरकाठ
दोरी ढिली पडली तर सुटते, ताण राहिला तर सुटत नाही. आपल्याकडे मासोळी लागली की काठी खांद्यावर टाकून काठावर मागे मागे पळायची पद्धत आहे. कोहो तशी येत नाही. ती वर उडी मारते, मग सरळ तुमच्याच दिशेनं पळत येते, आणि तेवढ्यात दोरी ढिली पडली की संपलं. ती आपल्याकडे आली की भराभर गुंडाळायचं, लांब पळाली की रीलच्या ड्रॅगनं, म्हणजे ताण आला की दोरी सोडणाऱ्या ब्रेकनं, दोरी सुटू द्यायची. ड्रॅग आधीच हातानं ओढून बघून लावून ठेवा.

एडिंबराची_सून
माहेर चंद्रपूर, आता स्कॉटलंडला. इकडची सॅमन वेगळी, अटलांटिकची. ती अंडी घालून मरतेच असं नाही, काही परत समुद्रात जातात. आणि इकडचा कारभार ऐकाल तर काका कॅनडाच बरा म्हणतील.

स्कॉटलंडात काठीचं सरकारी लायसन्स लागतच नाही, पण नदीचा प्रत्येक पट्टा कुणाच्या तरी मालकीचा. त्याला बीट म्हणतात. मालकाची परवानगी घ्यायची, दिवसाचं भाडं द्यायचं. रविवारी सॅमनवर गळ टाकणं कायद्यानं बंद. 1 एप्रिलच्या आधी धरलेली प्रत्येक सॅमन परत सोडायची, आणि त्यानंतरही नदीची दरवर्षी प्रतवारी होते, खालच्या प्रतीच्या नदीत वर्षभर सोडायचीच. बऱ्याच बीटवर फक्त माशीचा गळ चालतो. दोन हातांची बारा-पंधरा फुटी काठी आणि स्पे नदीच्या नावानं ओळखली जाणारी ती गोल फेक. ती चार दिवसांत हाताला येत नाही, मी माझ्या नवऱ्याचे हाल बघितले आहेत.

एक गंमत सांगते. ब्रिटनमधली काठीनं धरलेली सगळ्यात मोठी सॅमन एका बाईच्या नावावर आहे, जॉर्जिना बॅलन्टाइन, 1922 साल, टे नदी, 64 पौंड. शंभर वर्षं झाली, अजून कुणा बाप्याला तो विक्रम मोडता आला नाही.

तळ्याकाठचा_ढिवर
आमच्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या आमचीच जाळी. आता तलाव संस्थेच्या नावे लीजवर असतात. फ्रेझरकाठ भाऊ, मला एक सांगा, तिथले मूळ लोक आहेत ना, त्यांच्या नदीवर हे पाहुणे येऊन गळ टाकतात, ते चालतं त्यांना?

फ्रेझरकाठ
चांगला प्रश्न. फ्रेझरच्या या भागात स्टोलो लोक राहतात, सॅमनवरच वाढलेले. मस्क्विअम जमातीच्या रोनाल्ड स्पॅरो यांना 1984 मध्ये ठरवून दिलेल्यापेक्षा लांब जाळं वापरल्याबद्दल धरलं होतं. ते प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1990 ला निकाल लागला: मासे आधी राखायचे, त्यानंतर पहिला हक्क मूळ लोकांच्या पोटाचा आणि त्यांच्या विधींचा. व्यापारी बोटी आणि आपल्यासारखे हौशी त्यांच्या मागून. प्रत्यक्षात कुरबुरी होतातच. कधी त्यांची जाळी लागलेली असतात आणि हौशी लोकांना बंदी असते, तेव्हा काठावर तोंडं वाकडी होतात. पाहुण्यानं जाळ्यापासून लांब राहावं आणि नदीला लागून त्यांची राखीव जमीन असेल तर न विचारता पाऊल टाकू नये.

तळ्याकाठचा_ढिवर
निकाल कागदावर चांगला दिसतो. आमच्याकडे लीजची रक्कम वाढली की कागद कुणीच काढून बघत नाही. असो, काकांचा धागा आहे. काका, वाहत्या पाण्यात बोया सोडायचा तर एक सांगतो. धार आणि संथ पाणी जिथे घासतात ती रेघ धरा. मासोळी संथ बाजूला दम खात असते. हे वैनगंगेला लागू आहे, तर तिथेही असणारच.

फ्रेझरकाठ
शंभर टक्के. इथे त्या रेघेला सीम म्हणतात, तीच जागा. पाणी माणसाच्या चालीच्या वेगाचं हवं, खोली छाती-डोक्याएवढी, रंग हिरवट. पाऊस पडून गढूळ झालं तर थांबा. उतरू लागलं आणि दोन-तीन फूट खोलवरचं दिसू लागलं की धावत जा. चढावर निघालेल्या मासोळ्या त्याच वेळी हलतात. हे तुम्हाला पूर ओसरतानाच्या अनुभवानं माहीत असेलच.

बोयाची खोली कशी लावायची ते सांगतो, ह्यात नवे लोक दिवस घालवतात. आमिष तळापासून एक-दीड फूट वर राहायला हवं. फ्लोट सरळ उभा वाहत असेल तर ठीक. त्याचं डोकं वाहत्या दिशेला कलू लागलं की समजा शिसं तळाला घासतंय, खोली कमी करा. थोडीथोडी खोली वाढवत न्या, घासू लागली की अर्धा फूट वर घ्या, झालं. बोया बुडाला की विचार न करता झटका. दगड असेल तर दगड.

आता आमिष. सॅमनला सॅमनचीच अंडी लावतात. मादीच्या पोटातली अंड्यांची थैली मीठ, साखर आणि टाकणखार लावून मुरवतात, वर लाल-गुलाबी रंग. दुकानात डब्यात तयार मिळते. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा कापायचा, चामडीसकट, नाहीतर पाण्यात विरतो. तो गळाच्या टोकाला खोचायचा नसतो. गळाच्या दांडीवर तंगूसाचाच एक सैल फास ठेवून गाठ मारतात, एग लूप म्हणतात तिला. फास उघडायचा, अंड्यांचा तुकडा आत सरकवायचा, तंगूस ओढायचा, तुकडा आवळून बसतो आणि गळाचं टोक मोकळं राहतं. गाठ यायला एक संध्याकाळ पुरे. पाणी गढूळ असेल तर तुकडा मोठा, नितळ असेल तर हरभऱ्याएवढा. अंड्यांना बंदी असेल त्या पट्ट्यात लोकरीचा रंगीत गोंडा किंवा छोटा जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा नकली आमिषाचा गळ. इथेही आधी नियम बघा.

घरून आमिष म्हणून काहीही आणू नका. कणीक, ढेप, गांडूळ, काहीच नाही. विमानतळावर माती-सेंद्रिय वस्तूंबद्दल फार कडक आहेत. वैनगंगेत वापरलेले बूटही नकोत.

पुलगावचा_डोह
हे समदं बरं हाय, पन आमच्या वर्धेवर उथळ पान्यात मासोळ्या दिसल्या की मोकळा गळ टाकून हिसका देतात पोट्टे. पाठीत लागो का पोटात. तिथं एवढ्या मासोळ्या चढतात म्हन्ता, तं हिसक्यानं दहा मिनिटांत थैली भरन.

फ्रेझरकाठ
भरेल, आणि मग काठी-गाडी जप्त होऊन कोर्टाचं पत्रही येईल. तोंडाबाहेर गळ लागलेली मासोळी चुकून लागली तरी लगेच सोडायची, आणि मुद्दाम हिसका देणं हा गुन्हा. फ्रेझरवर सॉकायच्या वेळी हजारो लोक जड शिसं तळावरून घरंगळवत दहा-पंधरा फुटांचा लांब तंगूस वाहवतात. तो उघड्या तोंडातून सरकतो आणि गळ बाहेरच्या बाजूनं जबड्यात लागतो. ह्याला फ्लॉसिंग म्हणतात. यावर इथे चहाच्या कपाबरोबर भांडणं होतात. काही म्हणतात तोंडातच लागला ना, मग झालं. मला ते हिसक्याचंच सोज्वळ रूप वाटतं. मासोळीनं घेतलेलंच नाही, त्यात कसलं धरणं?

शंकेखोर_वरुड
खायचीच आहे तर कशी का लागेना. नैतिकता पोट भरल्यावर.

तळ्याकाठचा_ढिवर
शंकेखोर, हिसक्यानं धरलेल्यापेक्षा जखमी होऊन सुटलेल्या जास्त असतात. त्या सडतात. तळ्यावर आम्ही हिसकावाल्यांना हाकलतो ते नैतिकतेपायी नाही.

धानाचा_बांध
माझा प्रश्न ओळखण्याचा आहे. तीन जाती एकाच पाण्यात असतील तर लागलेली मासोळी कोणती, ठेवायची की सोडायची, हे कसं कळावं? आपल्याकडे रोहू-कतला शेंबडं पोरही ओळखतं, पण तिथे?

फ्रेझरकाठ
पाण्यातच, न उचलता बघायचं. तोंड उघडा. हिरड्या काळ्या, शेपटीच्या दोन्ही पात्यांवर ठिपके, तर चिनूक. हिरडीची दातांजवळची रेघ पांढरट आणि ठिपके शेपटीच्या वरच्या पात्यावरच, तर कोहो. ठिपकेच नाहीत, अंगावर जांभळे-हिरवे उभे पट्टे, नराचे दात कुत्र्यासारखे बाहेर, तर चम.

कोहो असेल तर आणखी एक. पाठीवरच्या मोठ्या पंखामागे, शेपटीजवळ, एक छोटा मांसल पंख असतो. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या पिलांचा तो कापून सोडतात. तिथे पंख नसेल आणि जुना भरलेला व्रण असेल तर हॅचरीची. ती नियमात बसते तेवढी ठेवता येते. पंख शाबूत असेल तर जंगली, ती या नदीत सोडायची. चिलिवॅकवर वरच्या अंगाला हॅचरी आहे, म्हणून इथे कापलेल्या पंखाच्या बऱ्याच मिळतात. शंका आली तर सोडा. आणि सोडायची असेल तर वाळूवर लोळवून फोटो काढू नका, ओल्या हातानं पाण्यातच गळ काढा.

कोहोसाठी अंधारातच काठावर उभं राहायला हवं. उजाडतानाचा पहिला तास तिचा. ती संथ, जवळच्या पाण्यात असते, लोक तिच्या डोक्यावरून पलीकडे फेकत बसतात. चम दिवसभर मारामारी करते. पहिल्यांदा हात साफ करायला चम उत्तम, पण नदीत आल्यावर तिचं मांस फिकं पडतं. मी ठेवत नाही.

पाण्यात उतरायचे रबरी पँटसारखे वेडर भाड्यानं घ्या आणि कमरेचा पट्टा आवळूनच घाला. पट्टा ढिला असताना पाय घसरला तर आत पाणी भरतं. ऑक्टोबरात ते पाणी बर्फासारखं असतं. तुम्ही वैनगंगेत पोहत असाल, तरी गुडघ्यापुढे जाऊ नका. अस्वल दिसलं तर मासा सोडून मागे सरका, फोटो नको.

आणि एक सुचवतो. 2026 हे अ‍ॅडम्स नदीचं मोठं साल आहे. तिथली सॉकाय दर चौथ्या वर्षी लोटानं येते: 2010, 2014, 2018, 2022. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जावयांना गाडी काढायला लावा, चारेक तासांचा रस्ता. तिथे गळ टाकायचा नसतो, नुसतं बघायचं. पाणी लाल दिसतं.

धानाचा_बांध
सगळं वहीत उतरवलं. एग लूपची गाठ आजपासूनच सुतळीवर सुरू करतो. सौ. विचारते आहे, कोहोचा आपल्यासारखा रस्सा होतो का? तिनं जवस आणि मसाल्याची पुडी बांधून ठेवली आहे.

फ्रेझरकाठ
होतो काकू, पण मासा तेलकट असतो, तेल निम्मं घाला आणि शिजवायला फार वेळ देऊ नका, पिठूळ होतो. सावजी मसाला चालतो. सांबार (कोथिंबीर) इथे मिळतो, खोबरंही मिळतं. मसाला घरचा आणा, पण विमानतळाच्या फॉर्मवर लिहून दाखवा, लपवू नका. धरलेली मासोळी नदीवरच लगेच रक्त काढून बर्फात ठेवली तर चव टिकते, म्हणून गाडीत बर्फाची पेटी हवी. आणि मासोळीची जात ओळखता येईल अशी शेपूट-डोक्यासकट घरी आणा, वाटेत तपासणी होते.

पुलगावचा_डोह
काका, परत येतांनी मले ते बिनकाट्याचे गळ आना दोन पाकिटं. तळ्यावर लावून पाहतो, मरळ सुटते का राहते.

फ्रेझरकाठ
आणतील, पण हातातल्या बॅगेत नको, सामानात टाकायला सांगा. आणि डोह, दोन पाकिटं कशाला? पकड घे, घरचेच दाबून बघ.